चपलेवरचा कर आणि करभाराची न्याय्यता: लखनौच्या बैठकीपासून एक अभ्यास



"मी अजून शिकतो आहे, मला उत्पन्न नाही, त्यामुळे मी कर भरत नाही," असे तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. मग एक साधा हिशेब करून पाहा. तुम्ही मोबाइलचे १९९ रुपयांचे रिचार्ज केले, तर त्यात १८ टक्के दराने सुमारे ३० रुपये वस्तू व सेवा कर असतो. तोच रिचार्ज एखाद्या कारखानदाराने केला, तरी त्यालाही तेवढेच ३० रुपये पडतात. दोघांनी सारखी रक्कम भरली. मग दोघांवरचा भार सारखा झाला का?

या पाठात आपल्याला याच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत.

१. प्रगतिशील, प्रमाणशीर आणि प्रतिगामी कर यांतील फरक आकड्यांनिशी दाखवणे.
२. करदरातील एखाद्या बदलाचा परिणाम गरीब आणि श्रीमंत कुटुंबांवर वेगवेगळा कसा होतो, हे सांगणे.
३. करभाराविषयीचा कोणताही आकडा समोर आला, की तो कशाच्या प्रमाणात मोजला आहे हे तपासणे.

१. आवश्यक संज्ञा

अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ साली कराच्या चार कसोट्या सांगितल्या: समता, निश्चितता, सोय आणि काटकसर. आपला संबंध मुख्यतः पहिल्या कसोटीशी आहे. समतेचे दोन अर्थ होतात. सारखी ऐपत असलेल्यांनी सारखा कर द्यावा, ही क्षितिजसमांतर समता. जास्त ऐपत असलेल्याने जास्त कर द्यावा, ही उभी समता.

उत्पन्न वाढते तसे कराचे उत्पन्नाशी असलेले प्रमाणही वाढत असेल, तर तो कर प्रगतिशील. प्रमाण तेवढेच राहत असेल तर प्रमाणशीर. उत्पन्न वाढते तसे प्रमाण घटत असेल तर प्रतिगामी. या व्याख्येत किती रुपये भरले हे पाहिलेले नाही, उत्पन्नाचा कितवा हिस्सा भरला हे पाहिले आहे. परीक्षेत सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

आणखी एक भेद लक्षात ठेवा. कर सरकारजमा करण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्याच्यावर कराघात होतो. शेवटी ज्याच्या खिशातून पैसे जातात, त्याच्यावर करभार पडतो. दुकानदार कर भरतो, पण तो किमतीत मिळवून गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. यालाच करसंक्रमण म्हणतात.

२. लखनौची बैठक

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून देशभर लागू झाला. त्याचे दर सुचवण्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद २७९अ नुसार वस्तू व सेवा कर परिषद आहे. केंद्रीय अर्थमंत्री तिच्या अध्यक्ष असतात आणि राज्यांचे मंत्री सदस्य असतात. मतदानात केंद्राच्या मताला एक तृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश वजन असते. निर्णयासाठी तीन चतुर्थांश बहुमत लागते.

कोविडच्या काळात परिषदेच्या बैठका दूरदृश्य पद्धतीने होत होत्या. त्यानंतरची पहिली समोरासमोरची बैठक १७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनौत झाली. ती परिषदेची ४५ वी बैठक. तिथे अनेक विषय होते. आपण त्यांतले दोनच घेऊ: चप्पल आणि पेट्रोल.

त्या वेळी १,००० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के कर होता आणि त्याहून महागड्या जोडावर १८ टक्के. म्हणजे दराच्या रचनेतच उभ्या समतेचा विचार होता. लखनौच्या बैठकीत ठरले, की १ जानेवारी २०२२ पासून १,००० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांचा दर १२ टक्के करावा. महागड्या जोडाचा दर १८ टक्केच राहिला.

हे का केले? कारण तांत्रिक होते, आणि ते समजून घेतल्याशिवाय टीका करणे योग्य नाही. चपलेसाठी लागणारे तळवे, गोंद, कृत्रिम चामडे यांवर १२ किंवा १८ टक्के कर होता आणि तयार चपलेवर ५ टक्के. कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी अशा या स्थितीला उलटी कररचना म्हणतात.

उदाहरण घेऊ. करापूर्वी ४०० रुपयांच्या जोडासाठी कारखानदाराने २५० रुपयांचा माल १८ टक्के कर देऊन घेतला. त्याने ४५ रुपये कर आधीच भरला. विक्रीवर ५ टक्क्यांनी मिळाले फक्त २० रुपये. उरलेले २५ रुपये सरकारने त्याला परत द्यायचे. परताव्याला वेळ लागतो आणि तोवर छोट्या कारखानदाराचे भांडवल अडकते. शिवाय सेवा आणि यंत्रसामग्रीवर भरलेला कर या परताव्यात धरला जात नव्हता, म्हणून तो किमतीत मुरत होता. दर १२ टक्के केला, तर विक्रीवर ४८ रुपये मिळतात, ४५ वजा होतात, ३ रुपये भरावे लागतात. परताव्याचा प्रश्नच मिटतो.

कारखानदार आणि कर खाते यांच्या दृष्टीने ही दुरुस्ती झाली. आता गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा. ४०० रुपयांची चप्पल पूर्वी ४२० ला मिळत होती, ती ४४८ ला मिळू लागली. २,००० रुपयांचा बूट पूर्वी २,३६० ला होता, तो २,३६० लाच राहिला. म्हणजे या बदलाचा वाढीव भार पूर्णपणे स्वस्त चप्पल घेणाऱ्यावर पडला. तसा कोणाचाही हेतू असल्याचे मानण्याची गरज नाही. उत्पादनसाखळीतला दोष दुरुस्त करताना कुटुंबांमधला समतोल बदलू शकतो, एवढाच यातला धडा आहे.

त्याच बैठकीत कापड आणि स्वस्त तयार कपड्यांविषयीही असाच निर्णय झाला होता. पण अनेक राज्यांनी आणि व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी, अंमलबजावणीच्या आदल्या दिवशी, परिषदेने तो पुढे ढकलला. चपलेचा दर मात्र ठरल्याप्रमाणे वाढला.

यानंतरची मोठी फेररचना २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली. ५, १२, १८ आणि २८ टक्क्यांऐवजी मुख्यतः ५ आणि १८ असे दोन दर राहिले, आणि काही चैनीच्या व हानिकारक वस्तूंसाठी ४० टक्के. पादत्राणांसाठी २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के दर ठरला. आपली ४०० ची चप्पल पुन्हा ४२० ला आली.

इथे एक गंमत पाहा. एका कुटुंबाने वर्षात ४०० रुपयांचे सहा जोड घेतले, तर त्याचे १६८ रुपये वाचले. दुसऱ्या कुटुंबाने २,००० रुपयांचे सहा जोड घेतले, तर पूर्वी एका जोडाला ३६० रुपये कर होता, आता १०० झाला. त्याचे १,५६० रुपये वाचले. रुपयांत मोजले तर श्रीमंत कुटुंबाला नऊपट फायदा. पण पहिल्याचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार आणि दुसऱ्याचे २४ लाख धरले, तर उत्पन्नाच्या प्रमाणात पहिल्याची बचत सुमारे ०.०९ टक्के आणि दुसऱ्याची सुमारे ०.०७ टक्के येते. दोन्ही विधाने खरी आहेत. वर्तमानपत्रात यांतले कोणतेही एकच आले, तर वाचकाची समजूत अपुरी राहते.

३. दोन कुटुंबांचा महिन्याचा हिशेब

आता हीच दोन कुटुंबे लखनौत राहतात असे समजू. खालील आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, ते पाहणीतले नाहीत.

पहिले कुटुंब जुन्या शहरातले. घरातली बाई चिकनचे भरतकाम तुकड्याच्या मजुरीवर करते, नवरा रोजंदारीवर जातो. महिन्याचे उत्पन्न १५,००० रुपये, आणि ते सगळे खर्च होते.

दुसरे कुटुंब गोमतीनगरातले, पगारदार. महिन्याचे उत्पन्न २ लाख रुपये. त्यातले ८०,००० खर्च होतात, बाकी प्राप्तिकर आणि बचत.

पहिल्या कुटुंबाचा खर्च असा:
• करमुक्त वस्तू व सेवा (सुटे धान्य, भाजी, दूध, घरभाडे, शाळा): ७,५७० रुपये
• ५ टक्के कराच्या वस्तू: करासह ५,२५० रुपये, त्यात कर २५०
• १८ टक्के कराच्या वस्तू व सेवा: करासह १,१८० रुपये, त्यात कर १८०
• पेट्रोल: १,००० रुपये

दुसऱ्या कुटुंबाचा खर्च असा:
• करमुक्त वस्तू व सेवा: २८,७५० रुपये
• ५ टक्के कराच्या वस्तू: करासह १५,७५० रुपये, त्यात कर ७५०
• १८ टक्के कराच्या वस्तू व सेवा: करासह २९,५०० रुपये, त्यात कर ४,५००
• पेट्रोल: ६,००० रुपये

पेट्रोल तूर्त बाजूला ठेवू, कारण त्यावर वस्तू व सेवा कर नाही. पहिले कुटुंब वस्तू व सेवा कर देते ४३० रुपये, दुसरे ५,२५० रुपये.

खर्चाच्या प्रमाणात मोजले, तर पहिल्यावर २.९ टक्के आणि दुसऱ्यावर ६.६ टक्के भार येतो. म्हणजे कर प्रगतिशील दिसतो. उत्पन्नाच्या प्रमाणात मोजले, तर पहिल्यावर २.९ टक्के आणि दुसऱ्यावर २.६ टक्के. तोच कर किंचित प्रतिगामी दिसतो.

दोन निष्कर्ष वेगळे का आले? पहिले कुटुंब सगळे उत्पन्न खर्च करते, त्यामुळे त्याच्यासाठी खर्च आणि उत्पन्न एकच आहे. दुसरे कुटुंब उत्पन्नाचा मोठा भाग खर्चच करत नाही, आणि जे खर्च झाले नाही त्यावर उपभोगाचा कर लागत नाही. बचत आज ना उद्या खर्च होईल आणि तेव्हा कर लागेल, असा प्रतिवाद अर्थशास्त्रज्ञ करतात. तो काही अंशी बरोबर आहे. पण बचतीतून घर, जमीन, शेअर येतात आणि ते पुढच्या पिढीकडे जातात. तेव्हा 'उद्या' कधी येईल हे सांगता येत नाही.

करमुक्त अन्नाचे महत्त्वही इथे कळते. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार, ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्चात अन्नाचा वाटा सरासरी ४६ टक्के होता आणि शहरात ३९ टक्के. कुटुंब जितके गरीब, तितका हा वाटा साधारणपणे मोठा. म्हणून अन्नावरचा थोडासा करही गरिबाला जास्त लागतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधलेल्या आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी, पिठावर ५ टक्के कर लागू झाला. सुटे धान्य करमुक्तच राहिले. करमुक्त म्हणजे मात्र करशून्य नव्हे. ते धान्य ज्या ट्रकने आले त्याच्या डिझेलवरचा कर किमतीत असतोच.

४. चिकनचा कुर्ता: भार मागेही सरकतो

आतापर्यंत आपण धरले, की कराचा भार पुढे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे सरकतो. तो मागेही सरकू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्याहून महागड्यांवर १८ टक्के कर आहे. महाग कपडा श्रीमंत घेतो, त्याने जास्त कर द्यावा, हा विचार वरवर पटतो.

पण हाताने भरलेला चिकनचा उत्तम कुर्ता महाग असतो, कारण त्यात कित्येक दिवसांची मजुरी असते. गिऱ्हाईक वाढलेली किंमत द्यायला तयार नसेल, तर व्यापारी आपला नफा कमी करील किंवा भरतकाम करणाऱ्या बाईच्या मजुरीत काटछाट करील. कोणाची सौदाशक्ती कमी आहे, यावर भार ठरतो. घरी बसून तुकड्यावर काम करणाऱ्या बाईला दुसरे काम सहज मिळत नाही. त्यामुळे श्रीमंताच्या कपड्यावरचा कर शेवटी कोणाच्या हातातून जातो, हे केवळ दर वाचून कळत नाही.

कोल्हापुरी चपलेच्या कारागिराचेही असेच. त्याची उलाढाल वार्षिक ४० लाखांच्या आत असेल, तर त्याला नोंदणी सक्तीची नाही आणि तो विक्रीवर कर लावत नाही. पण कच्च्या मालावर भरलेला कर त्याला वजा करून मिळत नाही. तो भार त्याच्या मजुरीत किंवा चपलेच्या किमतीत जातो.

५. पेट्रोल आणि मीठ

लखनौच्या बैठकीतला दुसरा विषय पेट्रोल-डिझेलचा. केरळ उच्च न्यायालयाच्या निर्देशामुळे तो परिषदेपुढे आला होता. पेट्रोल आणि डिझेल वस्तू व सेवा करात आणण्याची ही वेळ नाही, असे परिषदेने ठरवले. त्यामुळे त्यांवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर चालू राहिला.

उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपये असते. हिशेबासाठी १०० रुपयांच्या पेट्रोलमध्ये एकूण ३५ रुपये कर धरू. पहिले कुटुंब १,००० रुपयांच्या पेट्रोलवर ३५० रुपये कर देते, म्हणजे उत्पन्नाच्या २.३ टक्के. दुसरे ६,००० वर २,१०० रुपये देते, म्हणजे उत्पन्नाच्या १.१ टक्के. गरीब कुटुंबाने महिनाभरात बाकी सगळ्या वस्तूंवर मिळून ४३० रुपये कर दिला आणि एकट्या पेट्रोलवर ३५०.

दोन्ही अप्रत्यक्ष कर एकत्र केले, तर पहिल्या कुटुंबावर उत्पन्नाच्या ५.२ टक्के आणि दुसऱ्यावर ३.७ टक्के भार येतो. दुचाकी नसलेल्या घरातही हा भार भाज्यांच्या, रिक्षाच्या दरातून पोहोचतो. मात्र पेट्रोलवरचा कर केवळ महसुलासाठी नसतो. प्रदूषण आणि आयातीवरचे अवलंबन कमी करणे हाही त्याचा हेतू सांगितला जातो. न्याय्यता ही एक कसोटी आहे, एकमेव नव्हे.

मोजमापाच्या एककावर लावलेल्या कराचा हा वाद आपल्याकडे जुना आहे. १८८८ पासून मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. श्रीमंत माणूस गरिबापेक्षा शंभरपट मीठ खात नाही. त्यामुळे मिठावरचा कर उत्पन्नाच्या प्रमाणात गरिबालाच सर्वाधिक जाचक होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली केंद्रीय कायदेमंडळातील अर्थसंकल्पावरील आपल्या पहिल्या भाषणात, सरकारी तिजोरीत शिल्लक पडत असताना रयतेवर एवढा कर कशासाठी, असा सवाल केला आणि मिठावरचा कर कमी करण्याची मागणी लावून धरली. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया. १९०३ मध्येच प्राप्तिकराची मर्यादा वार्षिक ५०० रुपयांवरून १,००० रुपये केली गेली, त्यामुळे कारकून आणि छोटे व्यापारी सुटले.

गोखल्यांच्या मांडणीतून शिकण्यासारखी गोष्ट ही, की त्यांनी करमाफीची केवळ विनवणी केली नाही. अंदाजपत्रकातले आकडे घेऊन शिल्लक कुठून आली आणि ती कोणाच्या खिशातून आली, हे दाखवले.

६. प्राप्तिकर: किती उत्पन्न आणि कसले उत्पन्न

आता आपल्या दोन कुटुंबांचा प्राप्तिकर पाहू. पहिल्याला तो लागत नाही. दुसऱ्याचा वार्षिक पगार २४ लाख. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीनुसार ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून करपात्र उत्पन्न २३ लाख २५ हजार. चार लाखांपर्यंत शून्य, पुढच्या प्रत्येक चार लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २० आणि २५ टक्के असे मोजले, तर कर २,८१,२५० येतो. ४ टक्के उपकर धरून २,९२,५००. म्हणजे महिन्याला २४,३७५ रुपये, उत्पन्नाच्या १२.२ टक्के.

इथे सीमांत दर २५ टक्के आहे, पण सरासरी दर १२.२ टक्के. "मी २५ टक्के कर भरतो," असे म्हणणारा सहसा हे दोन दर एकच समजत असतो.

सगळे कर मिळून पहिल्या कुटुंबावर ५.२ टक्के आणि दुसऱ्यावर १५.९ टक्के भार आला. म्हणजे अप्रत्यक्ष करांतला प्रतिगामीपणा प्राप्तिकराने भरून काढला आणि एकूण व्यवस्था या दोन कुटुंबांपुरती प्रगतिशील ठरली.

पण शिडी आणखी वर चढून पाहा. एका व्यक्तीचा वार्षिक पगार १ कोटी आहे. अधिभार आणि उपकर धरून तिचा कर उत्पन्नाच्या सुमारे २९ टक्के येतो. दुसऱ्या व्यक्तीचेही उत्पन्न १ कोटीच आहे, पण ते सगळे सूचिबद्ध कंपन्यांच्या शेअरवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याचे आहे. त्यावर दर १२.५ टक्के, तोही पहिले सव्वा लाख वगळून. तिचा कर सुमारे १३.५ टक्के येतो. उत्पन्न सारखे, कर निम्म्याहून कमी. उभी समता नंतर पाहू, इथे क्षितिजसमांतर समताच डळमळली. कंपनीने नफ्यावर आधीच कर भरलेला असतो आणि गुंतवणूकदार जोखीम घेतो, हे या सवलतीचे समर्थन. ते किती पटते, यावर वर्गात चर्चा करा.

संपत्तीवरच्या करांचा इतिहासही थोडक्यात नोंदवून ठेवा. १९५३ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना मृताच्या संपत्तीवरचा मालमत्ता शुल्क कायदा झाला. तो कर १९८५ मध्ये रद्द झाला. १९५७ चा संपत्ती कर २०१५ मध्ये संपला. वसुली कमी आणि खटाटोप जास्त, हे मुख्य कारण दिले गेले. स्मिथ यांच्या काटकसरीच्या कसोटीवर ते टिकते. समतेच्या कसोटीवर मात्र जागा रिकामी राहिली.

७. कर गेला कुठे?

कर कोणाकडून घेतला एवढेच पाहून न्याय्यता ठरत नाही. तो कोणावर खर्च झाला हेही पाहावे लागते. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रात आहे.

महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला, तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेले पैसे दुष्काळी तालुक्यातल्या मजुराच्या हाताला काम देण्यासाठी वापरायचे, अशी ती कल्पना. १९७७ च्या कायद्याने कामाच्या हमीला कायदेशीर रूप मिळाले.

पण हा कर स्वतः मात्र प्रतिगामी आहे. संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांहून जास्त व्यवसाय कर घेता येत नाही. ही मर्यादा १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने आली, आधी ती २५० रुपये होती. महाराष्ट्रात महिना १५,००० पगाराच्या पुरुष कर्मचाऱ्याकडून वर्षाला २,५०० रुपये जातात, म्हणजे उत्पन्नाच्या जवळपास १.४ टक्के. महिना २ लाख पगाराच्या व्यक्तीकडूनही २,५०० रुपयेच जातात, म्हणजे ०.१ टक्का. प्रतिगामी करातून गरिबांसाठीची योजना उभी राहिली. तेव्हा कर आणि खर्च यांचा ताळेबंद एकत्रच मांडावा लागतो.

म्हणूनच काही अर्थतज्ज्ञ सुचवतात, की वस्तूंवर एकच दर ठेवा, चपलेच्या किमतीच्या पायऱ्या करू नका, आणि जमलेल्या महसुलातून गरीब कुटुंबांना थेट मदत द्या. आपल्या हिशेबात २०२५ च्या कपातीतून श्रीमंताला नऊपट रुपये मिळाले, हे आठवले तर या सूचनेत तथ्य आहे. अडचण अशी, की कर प्रत्येक खरेदीत आपोआप कापला जातो. मदतीसाठी मात्र यादीत नाव लागते, कागदपत्रे लागतात. कर चुकत नाही, मदत चुकू शकते.

८. एक आकडा तपासून पाहू

ऑक्सफॅम इंडियाने जानेवारी २०२३ मध्ये मांडले, की वस्तू व सेवा कराचा सुमारे ६४ टक्के हिस्सा तळच्या ५० टक्के लोकांकडून येतो. हा आकडा भाषणांत आणि समाजमाध्यमांवर खूप फिरला. तो तुम्ही काय करून तपासाल?

खर्चाच्या क्रमाने लोकांना उभे केले, तर खालच्या निम्म्या लोकांचा एकूण खर्चातला वाटा निम्म्याहून कमीच असणार. हे व्याख्येतच आहे. २०२२-२३ च्या पाहणीत शहरातल्या तळच्या ५ टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च २,००१ रुपये होता आणि वरच्या ५ टक्क्यांचा २०,८२४ रुपये. शिवाय तळच्या लोकांच्या खर्चात करमुक्त वस्तूंचा वाटा मोठा. मग निम्म्याहून कमी खर्च करणाऱ्यांनी ६४ टक्के कर भरण्यासाठी त्यांच्या प्रत्येक रुपयामागचा कर श्रीमंतांपेक्षा बराच जास्त असायला हवा. दरांची रचना पाहता तसे होणे कठीण आहे. म्हणून हा आकडा जपून वापरा.

पण यातून "गरिबांवर भार नाही" असा निष्कर्ष काढू नका. १५,००० रुपयांत घर चालवणाऱ्याचे ७८० रुपये म्हणजे मुलाची वह्या-पुस्तके किंवा आठवडाभराची भाजी. ऐपतीचा अर्थ एवढाच, की शेवटचा रुपया देताना कोणाला काय सोडावे लागते.

९. सारांश

कोणत्याही कराची न्याय्यता तपासताना चार प्रश्न क्रमाने विचारा. किती रुपये? कशाच्या प्रमाणात, खर्चाच्या की उत्पन्नाच्या? शेवटी कोणाच्या खिशातून? आणि त्या पैशांतून कोणाला काय परत मिळाले? लखनौच्या एका बैठकीतला चपलेचा निर्णय पहिल्या प्रश्नापाशी २८ रुपयांचा दिसतो. चारही प्रश्न विचारल्यावर त्यात कारखानदाराचे अडकलेले भांडवल, गिऱ्हाइकाचा खिसा, सरकारचा महसूल आणि राज्यांचे मत सगळेच दिसू लागते.

१०. स्वाध्याय

१. तुमच्या घरच्या एका महिन्याच्या खरेदीच्या पावत्या गोळा करा. पावतीवर केंद्र आणि राज्य यांचा कर वेगळा लिहिलेला असतो. दोन्ही मिळवून त्याचे घरच्या खर्चाशी आणि उत्पन्नाशी प्रमाण काढा.
२. "पेट्रोल-डिझेल वस्तू व सेवा करात आणावे." राज्याचा महसूल आणि गरीब कुटुंबांचा भार या दोन्ही बाजूंनी २०० शब्दांत चर्चा करा.
३. व्यवसाय कराची २,५०० रुपयांची मर्यादा काढून टाकली, तर तो कर प्रगतिशील करता येईल का? तुमची स्वतःची दररचना मांडा.
४. चिकनच्या कुर्त्याच्या उदाहरणात करसंक्रमण पुढे किंवा मागे होणे कोणत्या गोष्टींवर अवलंबून आहे? मागणीच्या लवचिकतेच्या आधारे स्पष्ट करा.
५. पाठातल्या दुसऱ्या कुटुंबाने महिन्याला ८०,००० ऐवजी १,५०,००० खर्च केले आणि सर्व वाढीव खर्च करासह १८ टक्के दराच्या वस्तूंवर केला, तर वस्तू व सेवा कराचे उत्पन्नाशी प्रमाण किती होईल? तेव्हा हा कर या दोन कुटुंबांपुरता प्रतिगामी राहील का?